रेडिओ वर्णपटाची वाटणी

जमीन, पाणी आणि खनिजे यांची वाटणी करण्याचा अनुभव मानवी समाजाला हजारो वर्षांचा आहे. रेडिओ लहरींची वाटणी करण्याचा अनुभव मात्र जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. ही संपत्ती इतर नैसर्गिक संपत्तींहून वेगळी आहे. ती कितीही वापरली तरी झिजत नाही आणि प्रेषक यंत्र बंद होताच ती पूर्ववत मोकळी होते. परंतु एकाच ठिकाणी, एकाच वेळी आणि एकाच कंप्रतेवर दोघेजण बोलू लागले, तर दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणूनच कोणी कोणत्या कंप्रतेवर, कोठे आणि किती शक्तीने बोलावे याचे नियम करावे लागतात.

आकाशवाणी, दूरचित्रवाणी, पोलीस, विमानतळ, जहाजे, सैन्यदले, उपग्रह आणि कोट्यवधी मोबाइल फोन हे या वाटणीतील भागीदार होत. हे सर्व बोलणारे भागीदार आहेत. त्यांच्या पंगतीत एक भागीदार मात्र असा आहे, की जो कधीच काही बोलत नाही. तो केवळ ऐकतो. हा भागीदार म्हणजे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. तो कोणाच्याही संदेशात व्यत्यय आणत नाही, पण इतर सर्वांचा व्यत्यय त्याला सोसावा लागतो. बोलणाऱ्याला आपली शक्ती वाढवून गोंगाटावर मात करता येते. ऐकणाऱ्याला तो मार्ग उपलब्ध नाही, कारण ज्याचे तो ऐकतो ते तारे आणि दीर्घिका आपला आवाज वाढवीत नाहीत. अशा भागीदाराला वाटा कसा द्यावा, हा या प्रकरणाचा विषय आहे. भारतात हा वाटा नवी दिल्लीतील कार्यालयांत कागदावर ठरतो आणि पुणे जिल्ह्यातील खोडद या गावाच्या शिवारात त्याची कसोटी लागते.

दुर्बळ लहरींचे शास्त्र

रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म बिनतारी संदेशवहनातूनच झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील अभियंता कार्ल जान्स्की याच्याकडे अटलांटिकपलीकडे चालणाऱ्या रेडिओ-दूरध्वनीमध्ये खरखर कोठून येते हे शोधण्याचे काम सोपविण्यात आले होते. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने २०.५ मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर निरीक्षणे केली. विजांच्या वादळांमुळे होणारी खरखर वेगळी काढल्यावर एक सौम्य, सतत येणारा आवाज शिल्लक राहिला. तो आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येत होता. १९३३ मध्ये हा शोध जाहीर झाला. संदेशवहनाच्या दृष्टीने जी खरखर होती, तीच नव्या शास्त्राची सामग्री ठरली.

खगोलीय रेडिओ लहरी किती दुर्बळ असतात याची कल्पना त्या मोजण्याच्या एककावरून येते. या एककाला जान्स्कीचेच नाव देण्यात आले आहे. दशांश चिन्हानंतर पंचवीस शून्ये लिहून मग एक लिहावा. तितके वॅट एक चौरस मीटर क्षेत्रावर, कंप्रतेच्या एका हर्ट्झ रुंदीत पडत असतील, तर ते एक जान्स्की होय. आजच्या मोठ्या दुर्बिणी जान्स्कीच्या एक लाखाव्या भागाइतके क्षीण उगमही टिपतात.

याउलट माणसाने निर्माण केलेल्या लहरी पाहू. दुसऱ्या पिढीचा साधा मोबाइल फोन ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास जास्तीत जास्त दोन वॅट शक्ती सुमारे दोन लक्ष हर्ट्झ रुंदीच्या मार्गिकेत प्रक्षेपित करतो. असा फोन चंद्रावर, म्हणजे पृथ्वीपासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर अंतरावर ठेवून सुरू केला अशी कल्पना केली, तर पृथ्वीवर त्याची तीव्रता पाचशे जान्स्कीच्या घरात भरेल. सूर्य आणि आणखी दोन-चार प्रखर उगम वगळले, तर त्या कंप्रतेवर साऱ्या आकाशात याहून तेजस्वी काही सापडणार नाही. प्रत्यक्षात असे फोन चंद्रावर नसून दुर्बिणीपासून काही किलोमीटर अंतरावरच्या बाजारपेठेत, एस.टी. स्थानकावर आणि शेताच्या बांधावर असतात.

ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ शहरातील दिव्यांपासून दूर डोंगरावर जातो, तसेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञालाही गोंगाटापासून दूर जावे लागते. फरक इतकाच, की दिव्याचा उजेड डोळ्यांना दिसतो. रेडिओचा उजेड दिसत नाही. त्यामुळे तो आपण पसरवीत आहोत याची जाणीवही पसरविणाऱ्याला नसते.

दिल्लीतील तबकड्या

भारतातील या शास्त्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा दिल्लीत आहे. १९५२ साली सिडनी येथे रेडिओ विज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक डॉ. के. एस. कृष्णन या परिषदेला उपस्थित होते. ऑस्ट्रेलियातील रेडिओ खगोलशास्त्रज्ञांचे काम पाहून ते प्रभावित झाले आणि असे काम आपल्याकडेही व्हावे असे त्यांना वाटले. प्रयोगशाळेतील तरुण संशोधक गोविंद स्वरूप यांना १९५३ मध्ये सिडनीला जाण्याची संधी मिळाली. तेथे पॉट्स हिल या ठिकाणी सूर्याच्या निरीक्षणासाठी सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या ओळीने उभारलेल्या होत्या. नवी उपकरणे आल्यावर या तबकड्या निरुपयोगी ठरणार होत्या. त्या भारताला देण्यास ऑस्ट्रेलियन संस्थेने संमती दिली.

स्वरूप १९५५ मध्ये दिल्लीला परतले; पण वाहतुकीच्या खर्चाचा प्रश्न लांबत गेला आणि तबकड्या येण्यापूर्वीच ते पुढील संशोधनासाठी अमेरिकेला गेले. नंतर तबकड्या दिल्लीला पोहोचल्या, परंतु त्यांचा उपयोग होऊ शकला नाही. १९६३ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि दिल्लीतील तबकड्या या संस्थेकडे आल्या. १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे त्यांची रचना उभी राहिली : २४ तबकड्या पूर्व-पश्चिम आणि ८ दक्षिणोत्तर. ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचे निरीक्षण करणारी ही रचना म्हणजे भारतातील पहिली रेडिओ व्यतिकरणमापक दुर्बीण होय.

यानंतर १९७० मध्ये निलगिरी पर्वतात उटकमंडजवळ ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण पूर्ण झाली. तिच्यासाठी मुद्दाम असा डोंगर निवडण्यात आला, की ज्याचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. ती ३२६.५ मेगाहर्ट्झवर कार्य करते. ही संख्या लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण दुर्बीण एकदा उभी राहिली, की तिची कंप्रता ही केवळ शास्त्रीय निवड राहत नाही. ती एक प्रकारे जमिनीच्या सातबाऱ्यासारखी जपावी लागते.

वाटणीचे नियम

रेडिओ लहरी राष्ट्रांच्या सीमा मानीत नाहीत. म्हणून त्यांच्या वाटणीचा विचार आरंभापासून आंतरराष्ट्रीय पातळीवर झाला. १९०६ मध्ये बर्लिन येथे झालेल्या परिषदेत प्रामुख्याने जहाजांच्या संदेशांचे नियम ठरले. आज हे काम जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना करते. दर तीन-चार वर्षांनी भरणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेत तिची नियमावली सुधारली जाते. वाटणीसाठी जगाचे तीन विभाग केलेले असून भारत तिसऱ्या विभागात येतो.

रेडिओ खगोलशास्त्राला या नियमावलीत प्रथम स्थान मिळाले ते १९५९ च्या जिनेव्हा परिषदेत. त्यापूर्वी काही वर्षे एका शोधाने या मागणीला बळ दिले होते. विश्वात सर्वांत विपुल असलेला हायड्रोजन वायू १४२०.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, क्षीण लहरी उत्सर्जित करील असे भाकीत नेदरलँड्समधील व्हान डे हुल्स्ट याने १९४४ मध्ये केले होते. १९५१ मध्ये अमेरिकेत युएन आणि पर्सेल यांनी त्या प्रत्यक्ष टिपल्या. प्रकाशझोतात न दिसणारा थंड वायू या एका रेषेमुळे दिसू लागला. म्हणून १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आज ऐकणाऱ्या सेवांसाठी राखून ठेवलेला असून त्यात कोणत्याही प्रकारच्या प्रक्षेपणास मनाई आहे.

असे पूर्णपणे राखीव पट्टे थोडे आहेत. अन्य ठिकाणी वाटा सामाईक असतो. उदाहरणार्थ, ३२२ ते ३२८.६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात रेडिओ खगोलशास्त्राला प्राथमिक दर्जा आहे. पण तोच दर्जा स्थिर आणि फिरत्या संदेशवहनालाही आहे. येथे नियम मनाई करीत नाही. खगोलीय निरीक्षणांना व्यत्यय येऊ नये म्हणून शक्य ते सर्व उपाय योजावेत, एवढेच तो शासनांना सांगतो. काही वाटे विशिष्ट देशांपुरते असतात. १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्यासाठी, आणि ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतासाठी, नियमावलीच्या तळटीपांनी रेडिओ खगोलशास्त्रालाही प्राथमिक दर्जाने दिलेला आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांना देशात अंमल देण्याचे काम नवी दिल्लीतील दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते. ही शाखा १९५२ मध्ये स्थापन झाली. तिने तयार केलेली पहिली राष्ट्रीय कंप्रता वाटप योजना १९८१ ची असून त्यानंतर तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आहेत. मनोरा कोठे उभारावा, त्यामुळे विमानांना वा इतर सेवांना अडथळा होईल काय, हे पाहणारी एक स्थायी सल्लागार समितीही आहे. वर्णपटाच्या नकाशावर एखाद्या संशोधन संस्थेसाठी सहा मेगाहर्ट्झची बारीक पट्टी आखली जाते, ती या व्यवस्थेतून. जमिनीवर दुर्बीण उभारण्याइतकेच हे कागदावरचे कुंपण महत्त्वाचे आहे.

खोडदची निवड

१९८४ च्या सुमारास स्वरूप आणि त्यांचे सहकारी मीटर तरंगलांबीच्या एका प्रचंड दुर्बिणीची आखणी करू लागले. या तरंगलांबींवर पाश्चात्त्य देशांत काम करणे दिवसेंदिवस कठीण होत होते. कारण तेथे दूरचित्रवाणी आणि बिनतारी सेवांनी हे पट्टे भरून टाकले होते. भारतात त्या मानाने शांतता होती. औद्योगिकदृष्ट्या मागे असण्याचा असा एक लाभ होता आणि तो घेण्याचे या शास्त्रज्ञांनी ठरविले.

दिल्ली किंवा मुंबई यांसारख्या शहरांजवळ अशी दुर्बीण उभारणे अर्थातच शक्य नव्हते. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जागा मिळाली. भोवतालचे डोंगर शहरांकडून येणाऱ्या लहरींना काही प्रमाणात आडोसा देतात; शिवाय पुण्यासारखे शिक्षणाचे आणि उद्योगाचे केंद्र हाताशी आहे. येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात असून १६ तबकड्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. तबकड्यांचे पृष्ठभाग पत्र्याचे नसून पोलादी तारेच्या जाळीचे आहेत. लांब तरंगांना जाळी पुरते आणि वारा तिच्यातून निघून जातो. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली. टाटा संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालविते.

पण आखणी आणि अर्पण या दोन घटनांच्या दरम्यान देश बदलला होता. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी नवी दिल्लीच्या संचार भवनात असलेले केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइल फोनवरून संभाषण केले आणि भारतात मोबाइल सेवेचा आरंभ झाला. शांततेच्या भरवशावर जी दुर्बीण आखली गेली, ती पूर्ण होईपर्यंत गोंगाटाचे नवे युग दाराशी येऊन ठेपले होते.

राखीव पट्टा पुरेसा का नाही?

खगोलशास्त्राला काही पट्टे राखून दिले आहेत. मग प्रश्न मिटला नाही काय, असे कोणी विचारील. तो मिटत नाही, याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की प्रक्षेपण आपल्या पट्ट्यात तंतोतंत बसत नाही. प्रत्येक प्रेषकाची थोडी शक्ती शेजारच्या पट्ट्यांत गळते आणि मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतांवरही तिचे क्षीण पडसाद उमटतात. १६३ मेगाहर्ट्झवर काम करणाऱ्या सदोष प्रेषकाचा दुप्पट पडसाद नेमका ३२६ मेगाहर्ट्झवर पडतो. संदेश ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ही गळती नगण्य असते. दुर्बिणीच्या दृष्टीने ती प्रखर असते. १६१०.६ ते १६१३.८ मेगाहर्ट्झ हा हायड्रॉक्सिल रेणूच्या रेषेचा पट्टा याचे उदाहरण होय. रशियाच्या ग्लोनास या मार्गदर्शक उपग्रहमालिकेमुळे तेथील निरीक्षणे विस्कळीत होऊ लागली, तेव्हा १९९३ मध्ये समझोता होऊन तिच्या कंप्रता टप्प्याटप्प्याने खाली सरकविण्याचे ठरले. १९९७ पासून सोडण्यात आलेल्या इरिडियम उपग्रहांच्या शेजारील पट्ट्यातून होणाऱ्या गळतीचा वाद पुढे अनेक वर्षे चालला.

दुसरे कारण असे, की उपकरणे न बोलताही आवाज करतात. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांवरील खराब विसंवाहकांपाशी ठिणग्या उडतात आणि त्यांचे स्पंद फार रुंद पट्ट्यात पसरतात. दूरचित्रवाणीचे सदोष बूस्टर, मोटारींचे प्रज्वलन, संगणक, विजेचे दिवे हेही असेच उगम होत. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीला अनेक वर्षे चमत्कारिक स्पंद मिळत होते. २०१५ मध्ये त्यांचा उगम सापडला : वेधशाळेतीलच सूक्ष्मतरंग भट्टीचे दार ती चालू असताना उघडले, की ते निर्माण होत. २०२३ मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीने स्टारलिंक उपग्रहांच्या अंतर्गत विद्युत् उपकरणांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान अनाहूत लहरी निघत असल्याचे दाखवून दिले. डोंगरांचा आडोसा मनोऱ्यापासून बचाव करतो. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहापासून नाही.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे आणि त्यावर कोणत्याही परिषदेचा इलाज नाही. विश्व प्रसरण पावत आहे. दूरच्या दीर्घिकेकडून येणाऱ्या लहरी वाटेत ताणल्या जातात आणि त्यांची कंप्रता कमी होते. यालाच ताम्रसृती म्हणतात. जवळच्या हायड्रोजनची रेषा १४२० मेगाहर्ट्झवर दिसते, पण लहरींची लांबी दुप्पट होण्याइतक्या दूरच्या दीर्घिकेतील तीच रेषा ७१० मेगाहर्ट्झवर दिसते. म्हणजे जितके दूर, जितके प्राचीन पाहावे, तितकी ही रेषा राखीव पट्ट्यातून निसटून दूरचित्रवाणी आणि मोबाइल फोनच्या पट्ट्यांत शिरते. निसर्गाने आपली रेषा माणसाच्या वाटपाचा तक्ता पाहून ठेवलेली नाही.

हे केवळ तत्त्व नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुण्यातील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी दीर्घिकांमध्ये हायड्रोजन सरासरी किती होता हे मोजले. तारे पूर्वी झपाट्याने जन्मत होते आणि नंतर त्यांचा जन्मदर का मंदावला, याचे उत्तर या मोजणीशी निगडित आहे. ही निरीक्षणे जवळजवळ ५८० ते ८२० मेगाहर्ट्झच्या दरम्यानची होती. भारतासाठी नमूद असलेला ६०८ ते ६१४ हा वाटा त्यात एका फटीएवढा आहे. त्याच दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाच्या सुमारे नऊ दशांश भागाची पाहणी करून सहा लाखांहून अधिक उगमांची सूची दिली. ती पाहणी सुमारे १७ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात झाली, तर नियमाने दिलेला वाटा तीन मेगाहर्ट्झहून कमी आहे. या दुर्बिणीचे पुष्कळसे उत्तम कार्य असे कुंपणाबाहेर, दुसऱ्याच्या शेतात झालेले आहे. ते शक्य झाले, कारण त्या परिसरात ते शेत बऱ्याच अंशी मोकळे होते.

शेजारधर्माची किंमत

म्हणून कंप्रतेच्या वाटणीला स्थळाच्या वाटणीची जोड द्यावी लागते. अमेरिकेने १९५८ मध्ये ग्रीन बँक येथील वेधशाळेभोवती सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र घोषित केले. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु असे उपाय विरळ वस्तीच्या प्रदेशांत सोपे असतात. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके तसे नाहीत. नारायणगाव ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ आहे, पुणे-नाशिक महामार्ग तेथून जातो आणि शेतकऱ्याला बाजारभाव, हवामान आणि बँकेचा व्यवहार यांसाठी फोन लागतो. त्यांना गप्प बसविणे न्याय्यही नाही आणि शक्यही नाही.

या प्रश्नाची धार पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेच्या बाबतीत दिसून आली. २०२० नंतरच्या वर्षांत या मार्गाची आखणी दुर्बिणीच्या परिसरातून जाणार असे स्पष्ट झाले, तेव्हा विजेवर धावणाऱ्या गाड्या आणि त्यांची बिनतारी यंत्रणा यांच्यामुळे होणाऱ्या व्यत्ययाचा मुद्दा पुढे आला. आखणीचा फेरविचार करावा लागला आणि हा परिसर टाळणाऱ्या पर्यायी मार्गाकडे शासन वळले. ज्या गावांनी रेल्वेची आशा धरली होती, त्यांच्या दृष्टीने हा तोटा होता. आकाशाच्या अभ्यासाची किंमत कोणीतरी जमिनीवर मोजत असते, हे येथे विसरता येत नाही. ज्या परिसराच्या शांततेवर राष्ट्राची कीर्ती उभी आहे, त्या परिसराच्या दळणवळणाची दुसरी सोय लावणे हे राष्ट्राचेच कर्तव्य ठरते.

दुसऱ्या बाजूने खगोलशास्त्रज्ञांनीही आपले काम कमी केलेले नाही. खोडद येथील ग्राही उपकरणे धातूच्या आवरणाच्या खोलीत ठेवलेली आहेत, जेणेकरून दुर्बिणीचे स्वतःचेच संगणक तिला त्रास देऊ नयेत. तबकड्यांचे संकेत प्रकाशतंतूंमधून आणले जातात. वीजवाहिन्यांच्या ठिणग्यांचे स्पंद ओळखून ते तत्काळ वगळणारी यंत्रणा बसविण्यात आली आहे. गेल्या दशकात दुर्बिणीचे नूतनीकरण झाले, तेव्हा १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंतचा बहुतेक विस्तार तिच्या आवाक्यात आला. परंतु ८५० ते १०५० यांमधील भाग, जेथे मोबाइल फोनचा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, तो वगळण्यात आला. शास्त्रज्ञांनी तेवढे आकाश सोडून दिले, असाच याचा अर्थ होतो.

तथापि यंत्राने सर्व काही साधत नाही. व्यत्यय आलेला क्षण किंवा पट्टा वगळता येतो, पण वगळलेल्या जागी जे होते ते परत मिळवता येत नाही. आणि व्यत्यय फारच प्रबळ असला, तर विवर्धकच गुदमरतो; मग शेजारच्या स्वच्छ पट्ट्यांतील निरीक्षणेही निरुपयोगी होतात.

वाटणीचे चार मार्ग

यावरून वाटणीचे चार मार्ग स्पष्ट होतात. पहिला कंप्रतेचा : काही पट्टे कोणीही न वापरता सोडावेत. दुसरा स्थळाचा : मनोऱ्याची जागा, अँटेनाची दिशा आणि प्रक्षेपणाची शक्ती ठरविताना दुर्बिणीचे अंतर विचारात घ्यावे. तिसरा काळाचा : उपग्रहाने वेधशाळेवरून जाताना आपला झोत दुसरीकडे वळवावा वा काही क्षण बंद ठेवावा, आजच्या तंत्राला हे कठीण नाही. चौथा तंत्राचा : प्रेषकांची गळती कमी करणारे आणि ग्राहींना गाळणीची जोड देणारे परिपथ सुधारावेत. पहिला मार्ग आंतरराष्ट्रीय परिषदेच्या हातात आहे, दुसरा मुख्यतः दिल्लीच्या, तिसरा उपग्रह चालविणाऱ्यांच्या आणि चौथा अभियंत्यांच्या. एकही मार्ग एकटा पुरेसा नाही.

येत्या काळात त्यांची गरज वाढणार आहे. २०२२ च्या लिलावात भारत सरकारला वर्णपटाच्या विक्रीतून १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. त्या वेळी ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा प्रथमच लिलावात मांडला गेला. त्याला कोणी बोली लावली नाही. तो नेहमीच मोकळा राहील असे नाही, आणि प्राचीन हायड्रोजनचे संकेत तेथेच आहेत. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात उपग्रहाद्वारे दळणवळण सेवा देण्याचा परवाना मिळाला. शांतता क्षेत्रांतील आणि राखीव पट्ट्यांतील निरीक्षणांचे अशा उपग्रहसमूहांपासून रक्षण कसे करावे, हा विषय २०२७ साठी नियोजित असलेल्या जागतिक रेडिओ परिषदेच्या कार्यसूचीवर आहे. तेथे भारताची भूमिका दिल्लीतून ठरेल.

लिलावात न मांडलेल्या पट्ट्याचे मूल्य शून्य असते, असा समज होण्याचा धोका येथे आहे. ज्या ऑस्ट्रेलियन संस्थेने दिल्लीला जुन्या तबकड्या दिल्या, त्याच संस्थेतील रेडिओ खगोलशास्त्रात मुरलेल्या अभियंत्यांनी १९९० नंतर बिनतारी संगणक-जोडणीचे एक महत्त्वाचे तंत्र विकसित केले आणि ते आज घरोघरी वापरात आहे. क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याची विद्या दोन्ही शास्त्रांना सारखीच लागते. तेव्हा हे दोघे शत्रू नाहीत. ते एकाच विहिरीवर पाणी भरणारे शेजारी आहेत.

विहिरीचा दृष्टान्त मात्र एका ठिकाणी अपुरा पडतो. विहीर उपसली तर पावसाळ्यात ती पुन्हा भरते, आणि प्रेषक बंद केला तर पट्टा पुन्हा मोकळा होतो. परंतु एकदा लक्षावधी लोक एखाद्या सेवेवर विसंबून राहिले, की तो प्रेषक प्रत्यक्षात कधीच बंद होत नाही. आठ अब्ज वर्षे प्रवास करून आलेली लहर खोडदच्या जाळीवर पडते, त्या क्षणी तेथे किती शांतता असावी, हे त्याआधी अनेक वर्षे घेतलेल्या निर्णयांनी ठरलेले असते. म्हणून वाटणीचा विचार मनोरा उभारण्यापूर्वी, परवाना देण्यापूर्वी आणि उपग्रह सोडण्यापूर्वी व्हावा लागतो. नंतर केवळ तक्रार करता येते.